उजवीकडून ओढलेली रेघ

परक्या घरी पाणी दिलं की मी आधी पेला वाचते, पाणी नंतर पिते. स्टीलच्या पेल्यावर काठाच्या खाली घरातल्या कुणाचं तरी नाव असतं, नाहीतर लग्नात आहेर करणाऱ्याचं. आहेर करणाऱ्याचं असेल तर ते नवरानवरीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरात असतं. मी नावाकडे बघत नाही. नावाच्या डोक्यावरची रेघ बघते. भांड्यांवर नावं घालायच्या मशीनची सुई स्टीलला पहिल्यांदा टेकते तिथे एक जाडसर ठिपका उमटतो आणि मग रेघ पुढे सरकते. सगळे लोक रेघ डावीकडून सुरू करतात, म्हणून ठिपका डाव्या टोकाला असतो. माझ्या भावाच्या रेघेचा ठिपका उजव्या टोकाला असायचा. कल्याण-डोंबिवलीत अजून अशी भांडी सापडतात. परवा एका सत्यनारायणाला तीर्थाच्या वाटीवर तो ठिपका सापडला. यजमानीणबाईंना वाटलं, वाटी नीट घासली आहे की नाही ते मी बघतेय. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि दुसरी दिली.

भाऊ माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचे. आम्ही कल्याणला राहायचो, जुन्या बाजारापासून चालत दहा मिनिटांवर. वडील, म्हणजे अण्णा, हायस्कुलात मुख्याध्यापक होते आणि घरी आल्यावरही त्यांना ते विसरता येत नसे. आपल्या कारकिर्दीतल्या दोन गोष्टींचा त्यांना अभिमान होता: शाळेला मिळवून दिलेलं मैदान आणि थोरल्या मुलाची मोडलेली डावी सवय. दादा जन्मतः डावखुरा. तो चार वर्षांचा असताना अण्णांनी जेवताना त्याचा डावा हात पंच्याने कमरेशी बांधायला सुरुवात केली. लिहिताना डाव्या हातात पेन्सिल दिसली की बोटांच्या पेरांवर पट्टी बसायची. दोनेक वर्षांत तो उजव्या हाताने जेवायला आणि लिहायला लागला. पाहुणे आले की अण्णा ही हकीकत सांगायचे आणि पाहुणे चहा पिता पिता 'वा' म्हणायचे. "इच्छाशक्ती," अण्णा म्हणायचे. कुणाची, ते सांगायचे नाहीत.

झटके सातव्या वर्षी सुरू झाले. आधी नुसतं डोळे मिचकावणं, मग नाक उडवणं, मग खांदा. बाराव्या वर्षी मान मागे फेकली जायला लागली आणि घशातून आवाज यायला लागला. पिल्लाच्या शेपटीवर पाय पडावा तसा, आखूड आणि मोठा. तो मुद्दाम करत नसे हे आम्हाला चार लोकांनी सांगायच्या आधीच कळलं होतं, कारण आवाज निघाल्यावर सगळ्यांत आधी तोच दचकायचा. आई आयुष्यभर म्हणत राहिली की हात बांधला म्हणून झालं. पुढे मी नगरपालिकेच्या वाचनालयात नोकरीला लागले तेव्हा तिथल्या एका जाडजूड वैद्यकीय ग्रंथात हा आजार शोधून काढला. हात बांधल्यामुळे तो होतो असं त्यात कुठेही नव्हतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "पुस्तक लिहिणारा आपल्या घरी येऊन बघून गेला होता का?"

उपाय सगळे झाले. गावच्या देवीला नारळ झाला, नाकात तूप सोडून झालं, एका बुवांनी अंगारा दिला आणि त्यांच्या शिष्याने अंगारा लावायची वेगळी वेळ दिली. मनोविकारांच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी मात्र झटके खरंच कमी झाले. पण दादाची जीभ जड झाली, तो जेवतानाच पेंगायला लागला आणि कुणी काही विचारलं तर उत्तर यायला इतका वेळ लागायचा की विचारणारा प्रश्न विसरायचा. चार महिन्यांनी त्याने गोळ्या बंद केल्या. "झटके नाहीत, कबूल," तो म्हणाला, "पण मी तरी कुठाय?"

शिक्षण अकरावीत संपलं, कारण परीक्षेच्या हॉलमध्ये इतर मुलांचे पालक तक्रार करायचे. एकही न्हावी त्याच्या गळ्याजवळ वस्तरा न्यायला तयार नव्हता. केस आई कापायची, ते दिसायचेही तसे. अण्णा त्याला समारंभाला नेत नसत. 'त्यालाच त्रास होतो,' असं ते म्हणायचे.

मग बाजारातल्या भांड्यांच्या दुकानात त्याला ते मशीन सापडलं. तो घरची पातेली घेऊन नाव घालायला गेला होता. नावं घालणारा माणूस त्या दिवशी आला नव्हता. शेठ वैतागून म्हणाले, "तूच घाल की तुझं नाव." दादाने मशीन हातात घेतलं, सुई पातेल्याला टेकवली आणि सगळं थांबलं. मान थांबली, आवाज थांबला. पातेल्यावर नाव पूर्ण होईपर्यंत तो इतर कुणाही माणसासारखा बसला होता. मग त्याने पातेलं खाली ठेवलं, दोन पावलं बाजूला सरकला आणि राहिलेले सगळे झटके एकदम देऊन टाकले. शेठ आधी घाबरले, मग त्यांनी पातेलं उचलून अक्षर बघितलं आणि उद्यापासून ये म्हणाले.

त्याची जागा पोटमाळ्यावर होती. गिऱ्हाईक बिचकू नये म्हणून. खालून टोपलीत भांडी आणि नावाची चिठ्ठी दोरीने वर जायची, वरून नाव घातलेली भांडी खाली यायची. लग्नसराईत तो दिवसभर वर असायचा. एकदा मी डबा घेऊन गेले तेव्हा खाली खाडीकडच्या गावातली एक आगरी बाई मुलीच्या लग्नाची भांडी घेत होती. तिने माळ्याकडे तोंड करून हाक दिली, "ए दादूस, माझा नाव मोठा टाक! जावेला चष्म्याबिगर दिसला पायजे!"

वरून दादाचा आवाज आला, तो आखूडवाला. बाई दचकली. "वर कुत्रा पाललाय काय, शेठ?"

"कलाकार आहे मावशी."

"मंग भुकू दे," ती म्हणाली आणि हंडे मोजायला लागली.

"टाकतो मावशे," वरून दादा म्हणाला. "रस्त्यावरून वाचता येईल असं टाकतो."

त्या दिवशी मी पहिल्यांदा शिडी चढून वर गेले. त्याने मशीन झटकन उजव्या हातात घेतलं आणि डावा हात पाठीमागे नेला. मग मला ओळखलं. तो मला लायब्ररी म्हणायचा.

"तू होय गं लायब्ररी. मला वाटलं अण्णा."

"अण्णा शिडी चढतील?"

"सांगता येत नाही. तत्त्वासाठी चढतील."

आणि त्याने मशीन परत डाव्या हातात घेतलं. मी बसून बघत राहिले. उजव्या हाताने भांडं धरून, डाव्या हाताने, आधी अक्षरं आणि शेवटी त्यांच्यावर उजवीकडून डावीकडे एक सलग रेघ. पाय आपटत शाळेत निघालेला मुलगा एकदम पळत सुटावा तशी ती रेघ सुटायची. "उजव्याने लिहिता येतं," तो म्हणाला, "हे नाही येत." जेवायच्या वेळी त्याने डबा उघडला आणि भात उजव्या हाताने कालवला. तिथे अण्णा नव्हते, तरीसुद्धा.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा शाळेने सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, मानपत्र, तीन वक्ते, आणि तिघांचंही भाषण स्वतःच्या शाळकरी वयापासून सुरू झालं. दादा घरी होता. त्याने अण्णांना सहा पेले दिले, प्रत्येकावर अण्णांचं पूर्ण नाव. अण्णांनी ते निरखून पाहिले. "बी. ए., बी. टी. घालायला हवं होतं," ते म्हणाले. दादाने पेले परत नेले आणि सहाही पेल्यांवर पदव्या घालून आणल्या. त्या दिवसापासून अण्णा त्याच पेल्यातून पाणी प्यायचे. दिवसातून आठ-दहा वेळा ती रेघ त्यांच्या डोळ्यांपुढे येत होती, ठिपका उजव्या टोकाला.

एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी-एकोणनव्वदचा सुमार असेल. दादा बत्तीस-तेहेतीस वर्षांचा होता. एकदा तो दुकानातून घरी आला तेव्हा त्याच्या एका पायात चप्पल नव्हती. वाटेत कुठेतरी निसटली होती आणि त्याला कळलंच नव्हतं. पंधरा दिवसांनी पुन्हा तसंच झालं. मग पायाला मुंग्या, मग शिडी चढताना पाय अडखळणं. ठाण्याला नौपाड्यात मेंदू आणि मज्जातंतूंचे एक डॉक्टर बसायचे, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मानेचा फोटो काढायला लावला आणि तो दिव्यासमोर धरून बघितला. वीस वर्षं मान मागे फेकून फेकून मणके झिजले होते, आतल्या मज्जारज्जूवर दाब येत होता.

"मान अशीच झटकत राहिली तर पाय जातील," डॉक्टर म्हणाले. "केव्हा, ते नाही सांगू शकत. पट्टा लावून उपयोग नाही, पट्टा मोडेल."

मग त्यांनी मुंबईतल्या एका सर्जनचं नाव लिहून दिलं. कंपवाताच्या रोग्यांवर ते मेंदूची शस्त्रक्रिया करतात. या आजारावर ती फार थोड्यांनी केली आहे, हे डॉक्टरांनी न विचारता सांगितलं.

मी दुसऱ्या दिवशी पोटमाळ्यावर गेले. दादा एका डब्यावर नाव घालत होता, ते पूर्ण होईपर्यंत थांबले.

"पाय गेले तर बसून काम करता येतं," तो म्हणाला. "मी बसूनच करतो. हात गेला तर काय करू सांग. एवढं एकच तर थांबतं माझं." त्याने डब्यावरची धूळ फुंकली. "हात राहणार असेल तर करतो. नाहीतर नको."

सर्जन रुग्णालयात आले ते मंत्र्याच्या दौऱ्यासारखे. पुढे एक मोठी परिचारिका, बाजूला दोन डॉक्टर, मागे शिकाऊ डॉक्टरांची रांग. फक्त हार तेवढा कमी होता. मी त्यांच्याबद्दल वाईट मत करून घ्यायला पूर्ण तयार होते. पण ते दादाच्या पलंगावर बसले, त्याचे दोन-तीन झटके शांतपणे होऊ दिले आणि सरळ बोलले. कवटीला बारीक भोक पाडून सुई आत न्यायची, आणि मटकीच्या दाण्याएवढा भाग जाळायचा. झटके खूप कमी होऊ शकतात. काहीच फरक न पडण्याचीही शक्यता आहे. आत रक्तस्राव झाला तर माणूस जाऊ शकतो. हात किंवा पाय कमजोर होऊ शकतो, बोलणं अडखळू शकतं. दोन्ही बाजूंना एकदम केलं तर वाचा जायची भीती जास्त, म्हणून एकाच बाजूला करणार.

"हात?" दादाने विचारलं.

"मेंदूची उजवी बाजू डावा हात चालवते आणि डावी बाजू उजवा," सर्जन म्हणाले. "कामाचा हात जी बाजू चालवते, ती आम्ही सोडून देतो. धोका राहिला तर तो दुसऱ्या हाताला."

कंपवाताच्या माणसाला ते जागं ठेवतात, हात हलवून दाखव, आकडे म्हण, असं विचारत विचारत पुढे जातात. दादाला झटक्यांमुळे जागं ठेवता येणार नव्हतं. म्हणजे जे विचारायचं ते आधीच विचारून घ्यायचं होतं.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं. दादाला तपासणीसाठी खाली नेलं होतं. एक शिकाऊ डॉक्टर छापील फॉर्म घेऊन आली. घरातले सगळे फॉर्म मीच भरायचे, कारण मी वाचनालयात होते आणि माझं अक्षर चांगलं होतं. वय, वजन, पूर्वीचे आजार, चालू औषधं. मग 'कामाचा हात' आणि पुढे दोन चौकोन.

"उजवा," अण्णा म्हणाले. "लिही."

मी पेन धरून थांबले.

"काय झालं? उजवाच आहे तो. मी स्वतः लावलेली सवय आहे." मग त्या मुलीकडे वळून ते म्हणाले, "जन्मतः डावखुरा होता, बरं का. चार वर्षांचा असताना मी..."

"काका, जरा लवकर हं," ती म्हणाली. "सर राउंडला येतील."

ती आणखी अर्धा मिनिट थांबली असती तर अण्णांनी तिला पंच्यासकट सगळं सांगितलं असतं आणि कदाचित तिच्या लक्षात आलं असतं. पण तिला राउंडची घाई होती, आणि मी उजव्याच्या चौकोनात खूण केली.

याची कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. तेव्हा वाटलं होतं, अण्णांसमोर कशाला, नंतर डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगू. नंतर गेले तर सर्जन शस्त्रक्रियेत होते. मग वाटलं, दादाला विचारतीलच, तो काही लहान नाही. मग संमतीचा कागद आला आणि दादाने त्यावर सही केली. उजव्या हाताने, सही त्याच हाताने करायला शिकवली होती. डॉक्टरांनी ती डोळ्यांनी बघितली. यानंतर कोण कशाला विचारील? मी बाहेर बाकावर बसून पुस्तक वाचत होते. कुठलं, ते आठवत नाही, पण वाचत होते.

शस्त्रक्रियेच्या सकाळी डोकं पूर्ण भादरलं होतं, आणि मानेला दोन्ही बाजूंनी वाळूच्या पिशव्या लावलेल्या. डोक्याला स्क्रूने बसवायची लोखंडी चौकट शेजारी ट्रेमध्ये पडली होती. सर्जन आले, आज रांगेशिवाय. त्यांनी दादाच्या डोक्यावर उजवीकडे शाईने खूण केली.

"उजव्या बाजूने जातोय," ते म्हणाले. "त्रास झालाच तर डाव्या हाताला. कामाचा हात सुरक्षित. ठीक?"

दादाने सर्जनकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी ट्रेमधल्या स्क्रूंकडे बघत होते. अण्णा त्याच्या उशाशी उभे होते. त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला. तो खांदा उडायचा म्हणून गेली कित्येक वर्षं कुणी त्याला हात लावत नसे, अण्णा तर नाहीच.

"ठीक," दादा म्हणाला.

शस्त्रक्रिया यशस्वी झाली. हे मी उपरोधाने लिहीत नाही. शुद्धीवर आल्यावर त्याची मान उशीवर स्थिर होती. आई दिवसभर तिच्याकडे बघत बसली. घशातला आवाज राहिला तो नुसता खाकरल्यासारखा, परक्या माणसाला वाटावं सर्दी झाली आहे. पायाच्या मुंग्या पुढच्या वर्षभरात कमी झाल्या. पाय वाचले. त्यानंतर दादा कधी अडखळला नाही आणि त्याची चप्पल कधी हरवली नाही.

डावा हात पांघरुणावर पडलेला असायचा, कुणीतरी विसरून गेलेल्या वस्तूसारखा. सूज आहे, उतरेल, असं सांगितलं. उतरलीही. हात उचलता यायला लागला, पिशवी धरता यायला लागली. पण बोटं एकेकटी काही ऐकत नव्हती. शर्टाचं बटण सापडायचं नाही, पेला धरला तर आधी थरथरायचा, मग निसटायचा. बोलणंही थोडं जड झालं. गोळ्यांइतकं नाही.

केस वाढल्यावर तो न्हाव्याकडे गेला. एकटाच गेला, सांगितलं नाही. परत आला तेव्हा त्याच्या मानेला पावडर होती आणि गाल गुळगुळीत होते. आईने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि आत निघून गेली. त्यानंतर महिनाभर तो रोज दाढी करायला जायचा. न्हावी म्हणाला, "साहेब, एक दिवसाआड केलीत तरी चालेल." दादा म्हणाला, "वीस वर्षांची बाकी आहे." शेवटपर्यंत गळ्याशी वस्तरा आला की तो डोळे मिटून घ्यायचा आणि हसायचा, असं न्हाव्यानेच मला सांगितलं.

चार महिन्यांनी तो दुकानात गेला. शिडी नीट चढला. मशीन डाव्या हातात घेतलं, सुई पेल्याला टेकवली आणि ती घसरत पेल्याच्या काठावरून बाहेर गेली. पुन्हा टेकवली, पुन्हा तेच. मग उजव्या हाताने प्रयत्न केला. तो पेला त्याने घरी आणला नाही, पण शेठनी मला दाखवला. नाव वाचता येत होतं. पाटीवर पट्टी खात लिहिलेल्या मुलाचं असावं तसं अक्षर, एकेक वेगळं, आणि वर रेघ तीन तुकड्यांत. ठिपका डावीकडे. अगदी बरोबर जागी.

शेठ चांगला माणूस होता. त्यांनी दादाला काढलं नाही, उलट खाली बोलावलं. आता तो खाली बसण्यालायक झाला होता. स्वच्छ शर्ट घालून, दाढी करून तो गल्ल्याशेजारी बसायचा, गिऱ्हाइकाला या म्हणायचा, पातेल्यांची झाकणं जुळवून ठेवायचा. पोटमाळ्यावर डोंबिवलीहून येणारा दुसरा माणूस बसायला लागला. अण्णा एकदा मुद्दाम दुकानात जाऊन त्याला तसं बसलेलं बघून आले. घरी येऊन आईला म्हणाले, "शोभतो." आणि मग, "उजवा हात वाचला, देवाची कृपा."

मी दादाला बरेच दिवस काही बोलले नाही. एकदा संध्याकाळी दुकान बंद करून आम्ही चालत येत होतो तेव्हा सगळं एकदम सांगितलं. फॉर्म, चौकोन, अण्णा, पेन. तो खाकरला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "डोक्यावर खूण केली तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"अण्णांचा हात होता गं खांद्यावर," तो म्हणाला. "तेव्हा काय सांगणार, की तुमची ती सवय वगैरे काही लागलीच नाही म्हणून?" थोडं चालून झाल्यावर म्हणाला, "त्यांना सांगू नको."

नौपाड्याच्या डॉक्टरांना मात्र मी सांगितलं. ते चिडले नाहीत. दुसऱ्या बाजूने केलं असतं तर कदाचित उजवा हात गेला असता, म्हणाले, कदाचित बोलणं, कदाचित काहीच नाही; आणि केलंच नसतं तर पाय गेले असते. "खरं सांगितलं असतंत तर बाजू बदलली असती, एवढं नक्की. पुढचं मला सांगता येत नाही." मला त्यांनी थोडं खोटं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण ते आमच्यासारखे नव्हते.

शहाण्णव साली अण्णा अंथरुणाला खिळले. डोळे चांगले होते आणि पुस्तक फार वेळ धरवत नसल्यामुळे जे समोर असेल ते ते वाचत पडायचे: कॅलेंडर, औषधाची बाटली. एका दुपारी मी त्यांना पाणी दिलं. प्यायल्यावर त्यांनी पेला परत केला नाही. अंगठ्याने नावावरची रेघ चाचपली, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. वह्या तपासण्यात आयुष्य गेलं होतं.

"ही रेघ उलटी ओढली आहे," ते म्हणाले.

मी त्यांच्या हनुवटीवरचं पाणी पुसलं.

"सगळ्या पेल्यांवर?"

"सगळ्या."

मग त्यांनी पेला मला परत दिला. दादा तेव्हा दुकानात होता. त्यांनी त्याला बोलावून घे म्हटलं नाही आणि तो आल्यावरही काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते पाणी काचेच्या ग्लासातून मागायला लागले. कारण विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती. दीड महिन्याने ते गेले.

दिवसवार झाले, पाहुणे परत गेले. त्यानंतरच्या एका रविवारी आम्ही तिघं जेवायला बसलो. आई, दादा आणि मी. आईने वरणभात वाढला, त्यावर तूप. दादाने भाताकडे बघितलं. उजवा हात मांडीवर ठेवला. मग डावा हात उचलून ताटात घातला.

मी त्याला असं जेवताना कधी बघितलं नव्हतं. माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट होती ती. हात थरथरत होता. बोटांनी भात गोळा केला, तो अर्धा ताटातच पडला. उरलेला तोंडापर्यंत येता येता शर्टावर सांडला. दोन शितं हनुवटीला चिकटली. त्याने ती पुसली नाहीत. पुन्हा हात ताटात घातला.

आईने त्याच्या मांडीवरची शितं वेचली आणि स्वतःच्या ताटाच्या कडेला ठेवली. मग त्याचं ताट थोडं डावीकडे सरकवलं.

"सावकाश," ती म्हणाली. "आता कोण बघतंय."